पोकळीतून निघालेला नियम

मार्च १७५५ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियाहून दक्षिण कॅरोलायनातल्या डॉ. जॉन लायनिंग यांना एक लांबलचक पत्र लिहिले. विजेच्या इतर अनेक गोष्टींबरोबर त्यात एक छोटा प्रयोग सांगितला होता. चांदीचे एक पात्र त्याने विद्युतरोधक बैठकीवर ठेवले आणि त्याला विद्युतप्रभार दिला. मग रेशमाच्या दोऱ्याला बांधलेला बुचाचा गोळा त्या पात्रात सोडला. हाच गोळा पात्राच्या बाहेरच्या अंगाजवळ नेला की ओढला जाई. आत सोडल्यावर मात्र तो कोणत्याही बाजूला हलेना. तळाला टेकवून वर काढला तरी त्याच्यावर प्रभाराचा मागमूस नव्हता. बाहेरून त्याच पात्राला टेकवला असता, तर तो प्रभार घेऊन आला असता. असे का होते, ते आपल्याला माहीत नाही, अशी स्वच्छ कबुली फ्रँकलिनने पत्रात दिली आहे.

आज या कोड्याचे उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्रात एका ओळीत सापडते. वाहकाच्या आत विद्युतक्षेत्र शून्य असते, आणि पृष्ठभागाला लागून बाहेर क्षेत्राची तीव्रता त्या जागेच्या प्रभारघनतेच्या समप्रमाणात असते. घनता म्हणजे एका चौरस मीटरवर किती प्रभार पसरला आहे तो आकडा. त्याला एका ठरलेल्या स्थिरांकाने, म्हणजे वर्गात ज्याला 'एप्सिलॉन नॉट' म्हणतात त्याने भागले की तीव्रता हाती येते. वाहक गोल असो, लांबोडका असो, वेडावाकडा असो, नियम तोच. विद्यार्थी तो पाठ करतात, आकडे भरतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण फ्रँकलिनच्या त्या पत्रापासून हा नियम कोणत्याही आकाराच्या वाहकासाठी सिद्ध होईपर्यंत सत्तावन्न वर्षे गेली, आणि त्या वर्षांत यापेक्षा अवघड प्रश्न सोडवलेली माणसे या प्रश्नापाशी अडखळली. माझ्या मते, विजेच्या शास्त्राने अनुमानाकडून मोजमापाकडे पाऊल टाकले ते याच ठिकाणी.

प्रभार पृष्ठभागावरच राहत असावा, असा सुगावा फ्रँकलिनच्याही आधी लागला होता. कँटरबरीचा रंगारी स्टीफन ग्रे याने १७२९ पासून वीज दोऱ्यांतून दूरवर नेण्याचे प्रयोग केले. त्याने ओक लाकडाचे दोन सारखे ठोकळे घेतले, एक भरीव आणि एक पोकळ. दोघांवर विजेचा परिणाम सारखाच दिसला. आतल्या लाकडाचा काही वाटाच नसावा, असे यावरून दिसत होते. पण त्या काळी मोजणार कशाने? ठिणगी किती लांब उडाली, हाताला झटका किती बसला, दोऱ्याला टांगलेले भेंडाचे दोन गोळे एकमेकांपासून किती फाकले, एवढीच मापे हाताशी होती. १७४५-४६ मध्ये लायडन बरणीचा शोध लागला आणि प्रभार साठवता येऊ लागला, तरी साठा किती आणि तो वस्तूवर कुठे किती दाट आहे, हे सांगण्याची सोय नव्हती. विजेचे प्रयोग तेव्हा दरबारांत आणि दिवाणखान्यांत करमणूक म्हणूनच जास्त चालत.

फ्रँकलिन पुढे लंडनला राहायला आला. तिथे त्याची ओळख वॉरिंग्टनच्या अकादमीत शिकवणाऱ्या जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकाशी झाली. प्रीस्टली विजेच्या शास्त्राचा इतिहास लिहीत होता. पात्राचा तो प्रयोग पुन्हा करून पाहा, असे फ्रँकलिनने त्याला सुचवले. २१ डिसेंबर १७६६ रोजी प्रीस्टलीने तो केला आणि निष्कर्ष तोच निघाला. पण प्रीस्टली तिथेच थांबला नाही. न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त दाखवले होते की गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर एखाद्या पोकळ गोल कवचाच्या आतल्या वस्तूवर कवचाचे ओढणे एकूण शून्य होते. जवळची बाजू जोराने ओढते पण ती थोडी असते. दूरची क्षीणपणे ओढते पण ती जास्त असते. हिशेब नेमका फिटतो. तर मग पात्राच्या आत वीज जाणवत नाही याचाही अर्थ विजेचे बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे, असा होत नाही का? प्रीस्टलीने १७६७ च्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न छापला आणि तो पुढे गेला. न्यूटनचे प्रमेय गोलाला लागू होते, पात्राला नाही, म्हणून हे अनुमान काटेकोर नव्हते. तरीही दिशा बरोबर होती. रिकामी पोकळी हाच पुरावा आहे, हे पहिल्यांदा लेखी मांडले गेले ते इथे.

हे अनुमान काटेकोर करण्याचे काम हेन्री कॅव्हेंडिशने केले. डेव्हनशायर आणि केंट या दोन्ही ड्यूकांचा नातू असलेला हा माणूस कमालीचा बुजरा होता. घरातल्या मोलकरणींना तो चिठ्ठीवरून सूचना देई. १७७२ मध्ये टेम्सकाठच्या पर्फ्लीट येथील दारूगोळ्याच्या कोठारावर वीजवाहक सळ्या कशा बसवाव्यात हे ठरवण्यासाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली, तीत तो आणि फ्रँकलिन दोघेही होते. त्याच सुमारास तो घरी एक प्रयोग करत होता.

१२.१ इंच व्यासाचा एक गोळा त्याने काचेच्या दांडीवर बसवला. त्याच्याभोवती, त्याला न शिवता मिटतील अशा पुठ्ठ्याच्या दोन अर्धगोल वाट्या केल्या आणि गोळ्यावर व वाट्यांवर कथलाचा वर्ख चढवला. आतला गोळा आणि बाहेरचे कवच एका तारेने जोडून त्याने लायडन बरणीने कवचाला प्रभार दिला. मग रेशमी दोरीने ती तार काढून घेतली, वाट्या उघडल्या, आणि आतल्या गोळ्याजवळ भेंडाचे गोळे नेऊन पाहिले. ते फाकले नाहीत. सगळा प्रभार कवचावर गेला होता आणि आत काही उरले नव्हते. बलाचा घातांक दोनापेक्षा थोडा जरी जास्त किंवा कमी असता, तरी आतल्या गोळ्यावर काही प्रभार राहिला असता. आपल्या उपकरणाला किती बारीक प्रभार कळतो हे त्याने स्वतंत्रपणे तपासले आणि निष्कर्ष काढला, की घातांक दोनापासून एकपन्नासांशाहून जास्त दूर असू शकत नाही.

विज्ञानाच्या इतिहासातल्या अतिशय देखण्या प्रयोगांत मी याची गणना करतो. काही घडत नाही हेच इथे मोजमाप आहे, आणि 'काही नाही' याची खातरजमा जितकी बारीक करावी तितका नियम पक्का होत जातो. दुर्दैवाने कॅव्हेंडिशने तो छापला नाही. १७७१ मध्ये विजेवर एक प्रबंध रॉयल सोसायटीपुढे मांडल्यावर तो पुढे प्रयोग करत राहिला, वह्या भरत राहिल्या आणि १८१० मध्ये तो वारला. त्या वह्या बंद राहिल्या. त्याला जे ठाऊक होते ते युरोपाला ठाऊक झाले नाही, आणि युरोपाला ते पुन्हा, वेगळ्या वाटेने शोधावे लागले.

ती वाट एका स्थापत्य अभियंत्याच्या टेबलावरून गेली. शार्ल ऑगस्तँ द कूलॉम १७३६ मध्ये अँगूलेम येथे जन्मला. फ्रेंच लष्कराच्या अभियंता दलात तो दाखल झाला आणि १७६४ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामासाठी गेला. आठ वर्षे त्याने उष्ण, रोगट हवेत काढली आणि १७७२ मध्ये तो परतला तो कायमची खालावलेली प्रकृती घेऊन. पण दगडी भिंत, माती, तुळया किती भार सोसतात याचा हिशेब त्याच्या अंगात मुरला होता. पॅरिसच्या अकादमीने होकायंत्राच्या सुया सुधारण्यासाठी जे पारितोषिक जाहीर केले होते, ते १७७७ मध्ये त्याने विभागून मिळवले. त्यासाठी त्याने सुई बारीक धाग्याला टांगली होती. टांगलेला धागा किंवा तार पिळली असता ती किती जोराने उलगडू पाहते, या प्रश्नावर तो पुढे बरीच वर्षे राबला. १७८४ मध्ये त्याने दाखवले की पीळ जितका जास्त तितका उलटा जोर जास्त, अगदी प्रमाणात. म्हणजे बारीक तार हाच एक अतिशय नाजूक तराजू झाला.

१७८५ मध्ये त्याने हा पिळाचा तराजू विजेसाठी वापरला. सुमारे एक फूट रुंद आणि तितक्याच उंचीच्या काचेच्या नळकांड्यात बारीक चांदीच्या तारेने एक आडवी काडी टांगलेली होती. काडीच्या टोकाला भेंडाचा गोळा होता आणि त्याच्याजवळ दुसरा तसाच गोळा पक्का बसवलेला होता. दोघांना सारखा प्रभार दिला तेव्हा हलता गोळा ३६ अंश दूर गेला. वरची खुंटी १२६ अंश पिळून तो १८ अंशांवर आणला. म्हणजे एकूण पीळ १४४ अंश, पहिल्याच्या चौपट. ५६७ अंश पिळून तो साडेआठ अंशांवर आला; एकूण पीळ ५७५.५ अंश, पहिल्याच्या जवळजवळ सोळापट. अंतर निम्मे केले की बल चौपट, पाव केले की सोळापट.

कूलॉमचे नाव जगभर गाजले ते या तीन आकड्यांमुळे. मला मात्र वाटते की त्याचे खरे मोठे काम यापुढचे आहे. व्यस्त वर्गाचा नियम त्याच्याआधी कॅव्हेंडिशला अधिक भक्कमपणे सापडला होता. प्रभार धातूच्या अंगावर नेमका कुठे, किती दाट बसतो, हे मोजून सांगणारा मात्र कूलॉम पहिला. १७८५ ते १७९१ या काळात त्याने वीज आणि चुंबकत्वावर अकादमीपुढे सात निबंध मांडले. त्यांतल्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या निबंधांत हे काम आहे, आणि ते आज फारच थोडे वाचतात.

त्यासाठी त्याने केलेले साधन बघा. सोनेरी वर्खाच्या कागदाची एक चिमुकली चकती, आणि ती धरायला लाखेची बारीक काडी. ही चकती वाहकाच्या अंगाला चपटी टेकवली की क्षणभर ती त्याच्या पृष्ठभागाचाच भाग होते आणि त्या जागी असेल तेवढा प्रभार आपल्यावर घेते. उचलली की तो प्रभार घेऊन येते. मग ती पिळाच्या तराजूत नेऊन मोजायची. अशा रीतीने कूलॉमने वाहकाच्या सगळ्या अंगाचा नकाशा काढला. प्रभार हवेतून आणि आधारातून हळूहळू गळत असतो, म्हणून दोन जागांची तुलना करताना तो पहिली जागा, दुसरी जागा, पुन्हा पहिली जागा असे समान अंतराने मोजत असे आणि पहिल्या जागेच्या दोन्ही मोजण्यांची सरासरी धरत असे. गळती किती होते यावर त्याने आधीच एक स्वतंत्र निबंध लिहिला होता. ही शिस्त अभियंत्याची होती.

भरीव लाकडी ओंडक्याला भोके पाडून त्याने चकती भोकाच्या तळाशी टेकवली, आणि तिथे प्रभार मिळाला नाही. फ्रँकलिनच्या पात्रापेक्षा ही खात्री कितीतरी पक्की होती, कारण इथे गोळा हलतो की नाही यावर विसंबायचे नव्हते. वस्तू तांब्याची आहे की कागदाची, यानेही वाटणीत फरक पडत नाही, हे त्याने दाखवले. आकारच सगळे ठरवतो. ३० इंच लांब आणि २ इंच जाड, गोल टोकांच्या दंडगोलावर त्याने मधोमधची घनता १ मानली, तर टोकापासून एक इंचावर ती १.८० आणि अगदी टोकावर २.३० भरली. वस्तू जिथे अरुंद होते, जिथे वळण तीव्र होते, तिथे प्रभार दाटतो. लहानमोठे गोळे एकमेकांना टेकवून, ओळीने लावून त्याने अशीच मापे घेतली. दोन गोळे जिथे टेकतात त्या जागेच्या आसपास प्रभार जवळजवळ नसतो, हेही त्याच्याच चकतीला कळले.

आणि १७८८ च्या सहाव्या निबंधात तो विचार आला ज्यासाठी हा लेख लिहिला आहे. प्रभारित वाहकाच्या बाहेर, अंगाला लागून विजेचे बल त्या जागेच्या घनतेच्या प्रमाणात असते, हे कूलॉमने मांडले. त्यामागची युक्ती इतकी साधी आहे की ती सांगायलाच हवी.

वाहकाच्या अंगावरचा एक अगदी छोटा तुकडा मनाने वेगळा काढा. त्याच्या अगदी जवळ गेले की तो सपाट पत्र्यासारखा भासतो. त्याच्यावरचा प्रभार दोन्ही बाजूंना सारख्याच जोराने ढकलतो, बाहेरच्या बाजूला बाहेर आणि आतल्या बाजूला आत. आता तुकड्याच्या किंचित आत उभे राहा. तिथे एकूण क्षेत्र शून्य आहे, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे तुकड्याचे आतले ढकलणे कोणीतरी नेमके निरस्त करत आहे. कोण? वाहकाच्या अंगावर पसरलेला बाकीचा सगळा प्रभार. तो इथे बाहेरच्या दिशेने तेवढ्याच जोराने ढकलत असला पाहिजे. आता तुकडा ओलांडून केसभर बाहेर या. बाकीच्या प्रभाराचे ढकलणे एवढ्याशा अंतरात बदलत नाही. ते बाहेरच्याच दिशेने आहे. पण तुकड्याचे ढकलणे मात्र उलटले, तेही आता बाहेर आहे. दोन्ही समान, दोन्ही एका दिशेने. म्हणून बेरीज एकट्या तुकड्याच्या दुप्पट. आत जे दोन जोर एकमेकांना मारून शून्य होत होते, तेच बाहेर एकमेकांना मिळून पूर्ण क्षेत्र उभे करतात. तुकड्याचे स्वतःचे क्षेत्र फक्त तिथल्या घनतेवर अवलंबून असते, म्हणून बाहेरचे एकूण क्षेत्रही तिथल्या घनतेवरच ठरते. दूरच्या प्रभाराचा वाटा गायब झालेला नाही. तो आतल्या शून्याच्या अटीत बांधला गेला आहे. वर्गात हा नियम शिकताना अनेकांना वाटते की पृष्ठभागावरचा बाकीचा प्रभार हिशेबात घेतलाच नाही. तो घेतला आहे, आणि निम्मे क्षेत्र त्याचेच आहे.

याच युक्तीतून दुसरी एक गोष्ट निघते. त्या तुकड्याला बाहेर ओढणारे बल पूर्ण क्षेत्राचे नाही, निम्म्या क्षेत्राचे असते, कारण कोणताही तुकडा स्वतःला ढकलू शकत नाही. प्रभारित धातूच्या अंगावर बाहेरच्या दिशेने एक ताण असतो, आणि तो घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढतो.

कूलॉमचे निबंध चालू असतानाच फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये अकादमी बरखास्त झाली आणि कूलॉम पॅरिस सोडून ब्ल्वा जवळच्या आपल्या घरी जाऊन राहिला. पुढे तो परतला, मानाच्या जागी बसला, पण विजेवर त्याने आणखी मोठे काम केले नाही. १८०६ मध्ये तो निवर्तला. मोजमापांचे तक्ते त्याने मागे ठेवले. त्यांचे कोणत्याही आकाराला लागू होणारे गणित अजून व्हायचे होते.

ते सिमेआँ दनी पॉइसाँने केले. फेब्रुवारी १८१२ मध्ये एतिएन मालूस वारला आणि फ्रान्सच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक जागा रिकामी झाली. ९ मार्च रोजी पॉइसाँने वाहकांच्या पृष्ठभागावर वीज कशी पसरते यावरचा आपला प्रबंध वाचला आणि लवकरच तो सभासद निवडला गेला. त्याची सुरुवातीची अट एकच होती: वाहकाच्या आत कुठेही बल असता कामा नये, नाहीतर तिथला प्रभार हलेल आणि अवस्था स्थिर राहणार नाही. एवढ्या एका अटीवरून पृष्ठभागावरच्या प्रभाराचा थर कुठे किती जाड असेल, हे काढता येते. बाहेरचे बल आणि थराची जाडी यांचे नाते त्याने सर्वसाधारण रूपात सिद्ध केले, कोणत्याही आकारासाठी. मग दोन टेकलेल्या गोळ्यांचे अवघड गणित सोडवून उत्तरे कूलॉमच्या तक्त्यांशी ताडून पाहिली. ती बऱ्यापैकी जुळली. गळणारा प्रभार, हाताने टेकवलेली कागदाची चकती आणि तारेचा पीळ यांवर उभी असलेली पाव शतकापूर्वीची मापे शुद्ध गणिताशी एवढी जुळावीत, हा कूलॉमच्या हातोटीला मिळालेला सर्वांत मोठा दाखला आहे.

त्या गणितातला एक आकडा मला विशेष आवडतो. मोठ्या गोळ्याला अगदी चिमुकला गोळा टेकवला, तर चिमुकल्यावरची सरासरी घनता मोठ्यावरच्या घनतेच्या किती पट होईल? पॉइसाँचे उत्तर आले पायच्या वर्गाचा सहावा भाग, म्हणजे सुमारे १.६४५. ऑयलरने १७३५ मध्ये वर्गसंख्यांच्या व्यस्तांची अनंत बेरीज काढली तेव्हा हाच आकडा आला होता.

पुढची पायरी एका गिरणीवाल्याने बांधली. नॉटिंगहॅमजवळ स्नीन्टन येथे पवनचक्कीवर दळण दळणाऱ्या जॉर्ज ग्रीनचे शाळेतले शिक्षण जेमतेम वर्षभराचे होते. १८२८ मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध वर्गणीदार गोळा करून स्वतः छापला. पन्नासएक लोकांनी तो घेतला. त्यांतल्या बहुतेकांना त्यातले गणित कळणे शक्य नव्हते. पॉइसाँने बलाचा हिशेब करण्यासाठी जी राशी वापरली होती, तिला ग्रीनने 'पोटेन्शियल' हे नाव दिले. आपण तिला विभव म्हणतो. पृष्ठभागापाशी विभव जितक्या झपाट्याने उतरतो तितकी तिथली घनता जास्त, हे नाते त्याने त्या निबंधात सरळ लिहून ठेवले. ग्रीन १८४१ मध्ये वारला. चार वर्षांनी विल्यम टॉम्सनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनच्या हाती तो निबंध पडला आणि त्याने तो पुन्हा छापवून आणला. कॅव्हेंडिशच्या बाबतीत जे झाले तेच ग्रीनच्या बाबतीत थोडक्यात टळले.

लंडनला मायकेल फॅराडे या गणिताकडे वळला नाही. त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. १८३६ मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांब-रुंद-उंच अशी एक खोली उभी केली, तिच्या भिंतींना तार आणि कथलाचा वर्ख लावून त्या वाहक केल्या, आणि यंत्राने तिला प्रभार दिला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या. फॅराडे पेटलेल्या मेणबत्त्या आणि विद्युतमापके घेऊन आत गेला आणि त्याला आत काहीही सापडले नाही. १८४३ मध्ये त्याने बर्फ ठेवायची एक धातूची बादली घेतली, तीत रेशमी दोऱ्याने प्रभारित पितळी गोळा सोडला. गोळा न टेकवताच बादलीच्या बाहेरच्या अंगावर नेमका तेवढाच प्रभार दिसला. गोळा तळाला टेकवला तरी बाहेरचे माप जराही हलले नाही, आणि वर काढलेल्या गोळ्यावर प्रभार शिल्लक नव्हता.

फॅराडे बलरेषांच्या भाषेत विचार करत असे. प्रत्येक प्रभारापासून ठरावीक रेषा निघतात. धातूच्या आत त्या शिरू शकत नाहीत, म्हणून सगळ्या बाहेरच जातात, पृष्ठभागाला काटकोनात. भाताच्या खाचरात रोपे जितकी दाट लावावीत तितक्याच दाट लोंब्या वर दिसतात, तसे पृष्ठभागावर प्रभार जितका दाट, तितक्या बाहेर रेषा दाट. आणि रेषांची दाटी म्हणजेच क्षेत्राची तीव्रता. पॉइसाँचे प्रमेय असे नुसते डोळ्यांपुढे आणता येऊ लागले.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या ग्रंथात हे सारे एकत्र गुंफले, आणि पृष्ठभागाच्या या नात्याला कूलॉमचे नाव दिले. फ्रेंच पाठ्यपुस्तकांत त्याला आजही कूलॉमचे प्रमेय म्हणतात. आपल्याकडे कूलॉमचा नियम म्हटले की फक्त दोन प्रभारांचा नियम आठवतो. निदान शिक्षकांनी तरी हे दुसरे नाव विद्यार्थ्यांना सांगावे. मॅक्सवेलने आयुष्याची अखेरची वर्षे कॅव्हेंडिशच्या वह्या वाचण्यात घालवली. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड मॅकअ‍ॅलिस्टरच्या मदतीने त्याने तो गोळ्यांचा प्रयोग सुधारून केला आणि घातांकातली संभाव्य चूक १/२१६०० पर्यंत खाली आणली. १८७९ मध्ये त्या वह्या छापून निघाल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅक्सवेल वारला. पोकळ कवचाचा हा प्रयोग नंतरही थांबला नाही. १९३६ मध्ये प्लिम्प्टन आणि लॉटन यांनी आणि १९७१ मध्ये विल्यम्स, फॉलर आणि हिल यांनी तो आणखी बारकाईने केला. अजूनपर्यंत पोकळीत काही सापडलेले नाही.

या नात्याचा व्यवहारातला परिणाम असा, की कोणत्याही वाहकावर किती प्रभार बसू शकेल याला हवा मर्यादा घालते. कोरडी हवा साधारणपणे मीटरला ३० लाख व्होल्टपर्यंतचे क्षेत्र सोसते. त्यापुढे ती फुटते आणि ठिणगी पडते. नियमात हा आकडा घातला की पृष्ठभागावर चौरस मीटरला जास्तीत जास्त सुमारे २७ मायक्रोकूलॉम प्रभार राहू शकतो, असे निघते. तांब्याच्या पृष्ठभागावरच्या अणूंशी तुलना केली, तर ही भर दर लाख अणूंमागे एखाद्याच इलेक्ट्रॉनची आहे. एवढ्या भरीनेही पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे ४० न्यूटनचा ताण येतो. प्रभाराचे सामर्थ्य यावरून लक्षात यावे.

टोकाशी घनता जास्त म्हणून क्षेत्रही जास्त, आणि म्हणून हवा आधी टोकाशीच फुटते. उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांवर हीच अडचण येते. तार बारीक असली की तिच्या अंगाशी क्षेत्र वाढते, भोवतालची हवा आयनीभूत होते, तार दमट हवेत करकरते आणि वीज वाया जाते. म्हणून ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीत एका तारेऐवजी दोन किंवा चार तारा ठरावीक अंतरावर धरून लावतात. गुच्छ मिळून जाड तारेसारखा वागतो, प्रभार जास्त अंगावर पसरतो आणि प्रत्येक ठिकाणी घनता खाली येते. चंद्रपूर ते पडघे ही ७५० किलोमीटरहून लांब, ५०० किलोव्होल्ट एकदिश दाबाची वाहिनी महाराष्ट्र आडवा ओलांडते. तिच्या तारा किती जाड असाव्यात आणि तारा धरणाऱ्या जोडभागांना गोल कडे का लागते, ते ठरवणारा हिशेब घनता आणि क्षेत्राच्या याच नात्याचा आहे.

१९२९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ याने पोकळ धातूच्या गोलाच्या आत पट्ट्याने प्रभार नेऊन सोडणारे यंत्र केले. आत क्षेत्र नसल्याने प्रभार आत उतरवायला अडथळा नाही. उतरला की तो लगेच बाहेरच्या अंगावर जातो आणि विभव चढत राहतो, बाहेरची हवा फुटेपर्यंत. या मर्यादेवर मात करण्यासाठी १९३३ मध्ये राउंड हिल येथे पंधरा फूट व्यासाचे गोल उभे केले गेले. मोठा गोल, म्हणजे त्याच विभवाला कमी घनता. दुसरा उपाय हवाच बदलण्याचा. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहभागाने उभारलेला पेलेट्रॉन हा याच वंशातला त्वरक आहे. त्यात पट्ट्याऐवजी धातूच्या गोळ्यांची साखळी प्रभार वाहते, आणि १ कोटी ४० लाख व्होल्टसाठी बांधलेले त्याचे टर्मिनल दाबाखाली भरलेल्या सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूत असते. सारख्याच दाबाला तो वायू हवेच्या अडीच पटीहून अधिक क्षेत्र सोसतो, म्हणून टर्मिनलच्या अंगावर प्रभारही त्याच पटीत जास्त दाट ठेवता येतो.